मुबलक वीज, आणि ती सगळ्यांच्या पदरात पडायला काय लागते : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळच्या सदरासाठी विषय दिला होता : ‘ऊर्जा भरपूर आणि स्वस्त झाली तर जगातली टंचाई संपेल का?’ आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न पुढे देत आहोत. आमचा कल आशेकडे आहे हे सुरुवातीलाच सांगतो. ही आशा हिशोबातून आली आहे, म्हणून जागोजागी आकडे दिले आहेत. वाचकांनी ते स्वतः पडताळून पाहावेत. ‘युनिट’ म्हणजे सगळीकडे एक किलोवॉट-तास.

प्रश्न : श्रीमंत देश जास्त वीज वापरतात हे खरे, पण ते श्रीमंत आहेत म्हणून वापरतात. विजेमुळे श्रीमंती येते हे कशावरून?

दोन्ही बाजूंनी खरे आहे, पण सुरुवात कुठून होते ते पाहायला माणसाच्या अंगमेहनतीचा हिशोब करावा. धडधाकट माणूस दिवसभर टिकेल अशा बेताने राबला तर ७५ ते १०० वॉट काम देतो. ८ तासांचे झाले ०.६ ते ०.८ युनिट. म्हणजे एक युनिट वीज चांगल्या मोटरला दिली की एका माणसाच्या अख्ख्या दिवसाच्या राबण्याएवढे काम होते. पाणी शेंदणे, दळणे, ओझी वाहणे यात ज्यांचा दिवस जातो, त्यांच्या हातात हे एक युनिट काय घेऊन येते? शाळेला, धंद्याला, विश्रांतीला मोकळा वेळ.

उजेडाचेही तसेच. वातीची रॉकेलची चिमणी जळणाच्या दर वॉटमागे जेमतेम ०.१ लुमेन (उजेडाचे माप) उजेड देते, तर एलईडी दिवा दर वॉटला १०० ते १५० लुमेन. हा फरक हजारपटीचा आहे.

मात्र हा संबंध वर जाताना सपाट होतो. अ‍ॅलन पास्टरनाक या संशोधकाने २००० साली देशोदेशींची दरडोई वीज आणि मानव विकास निर्देशांक (आयुर्मान, शिक्षण, उत्पन्न यांचे एकत्रित माप) शेजारी ठेवून पाहिले. वर्षाला दरडोई साधारण ४,००० युनिटांपर्यंत हा निर्देशांक झपाट्याने वाढतो, त्यापुढे फारसा हलत नाही. आज जगाची सरासरी साडेतीन हजारांच्या थोडी वर आहे, म्हणजे एकूण वीज फार कमी पडते असे नाही. तरीही ६५ ते ७० कोटी लोकांकडे वीजच नाही, आणि २०० कोटींहून जास्त लोक लाकूड, शेणी, कोळसा असल्या धुरकट जळणावर अन्न शिजवतात. आमच्या मते सगळ्यात मोलाची युनिटे ही दरडोई पहिली हजारच, आणि धोरणाचा सगळा जोर तिथे असायला हवा.

प्रश्न : सौर पॅनेल इतके स्वस्त का झाले? ही घसरण कधी तरी थांबेलच ना?

१९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअरसन यांनी सिलिकॉनचा सौर सेल (उन्हाची वीज करणारी चकती) दाखवला, तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आज बाजारातली पॅनेल २० ते २३ टक्के देतात. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर एका वॉटला आजच्या हिशोबाने १०० डॉलरच्या आसपास पडत; आता २० सेंटांच्याही खाली मिळते. यात एकच मोठा शोध असा नाही. चकती निम्म्याने पातळ झाली, हिऱ्याच्या कणांच्या तारेने कापल्यामुळे भुश्यात जाणारे सिलिकॉन घटले, सेलवरची वीज गोळा करणारी चांदीची रेघ बारीक झाली, कारखाने अजस्र झाले. एकूण उत्पादन दुप्पट झाले की किंमत सुमारे २० टक्क्यांनी उतरते, हा कल पाच दशके टिकला आहे.

पॅनेलची किंमत यापुढे कितीही उतरली तरी आता फरक थोडाच पडेल, कारण एकूण खर्चातला तिचा वाटाच लहान झाला आहे. सांगाडा, काच, तारा, मजुरी, जोडणी, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे व्याज! सौर प्रकल्पाला जळण लागत नाही. सगळा पैसा पहिल्या दिवशी घालावा लागतो. २५ वर्षांची परतफेड धरली, तर ५ टक्के व्याजाने वर्षाचा हप्ता भांडवलाच्या ७.१ टक्के येतो आणि १२ टक्क्यांनी १२.७ टक्के. तेच पॅनेल, तेच ऊन, पण वीज जवळजवळ १.८ पट महाग. ऊन भरपूर आणि पतपुरवठा महाग, ही गरीब देशांची नेहमीची अडचण आहे. पॅनेलची कार्यक्षमता टक्का-दोन टक्क्यांनी वाढवण्यापेक्षा तिथे व्याजदर ५ टक्क्यांवर आणणारी कर्जहमी योजना कितीतरी जास्त घरे उजळेल, असे आम्ही ठामपणे म्हणतो.

प्रश्न : एवढी जागा आणायची कुठून?

जग वर्षाला ३०,००० अब्ज युनिटांच्या आसपास वीज करते. रात्र, ढग, दोन रांगांतले अंतर सगळे धरून सौर शेताची वर्षभराची सरासरी चौरस मीटरला ८ वॉट मानली, तर सव्वाचार लाख चौरस किलोमीटर लागतील. पृथ्वीवरची जमीन १४.९ कोटी चौरस किलोमीटर आहे, म्हणजे ०.३ टक्का. छपरे आणि पडीक जमीन त्यातच आली. एकंदर जागा पुरते. तंटे होतात ते नेमकी कोणाची जागा घ्यायची यावरून, आणि ते तिथल्या लोकांना विचारूनच सुटतात.

प्रश्न : आमची संस्था वीज न पोचलेल्या भागातल्या एका लहान आरोग्य केंद्रासाठी सौर संच बसवणार आहे. दिवे, लसींचा फ्रिज, काही उपकरणे मिळून दिवसाला ६ युनिटे लागतील. हिशोब कसा करावा? असे संच वर्ष-दोन वर्षांत बंद पडतात असेही ऐकतो. का?

पत्रांतला हा सगळ्यात कामाचा प्रश्न, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आधी ऊन. वर्षाची सरासरी धरू नका, सगळ्यात वाईट महिना धरा. त्या महिन्यात दिवसाला ४ तास पूर्ण तळपत्या उन्हाइतके मिळते असे समजू. उन्हात सेल ६० अंश सेल्सियसपर्यंत तापतो आणि २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्का शक्ती जाते, म्हणजे तापण्यातच १२ टक्के गेले. धुळीत ५, तारांत ३ आणि बॅटरी-इन्व्हर्टरमध्ये ८ टक्के धरले की हाती तीनचतुर्थांश उरते. ६ भागिले ४ भागिले ०.७५ बरोबर २ किलोवॉट. ३५० वॉटची सहा पॅनेल घ्या.

बॅटरी दीड दिवसाची ठेवा. ९ युनिटे झाली. ८० टक्क्यांपर्यंतच रिकामी करायची म्हणून ०.८ ने भागले की ११.२५. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या ५१.२ व्होल्टच्या संचाला हे २२० अँपिअर-तास होतात. शिसे-आम्लाची बॅटरी घेतलीत तर निम्म्यापलीकडे रिकामी करता येत नाही, म्हणून १८ युनिटांची लागेल आणि तरीही ती आधी मरेल. १२ व्होल्टचा संच अजिबात नको. २ किलोवॉटला १२ व्होल्टवर १६७ अँपिअर वाहतात, ४८ वर फक्त ४२. त्याच तारेतली तूट सोळा पट कमी.

आता बिघाड. पहिला, कंट्रोलर (पॅनेलच्या विजेने बॅटरी भरणारे यंत्र) जळणे. पॅनेलवर खुल्या टोकांचा (काहीही न जोडता येणारा) व्होल्टेज ४८ लिहिला आहे, तीन पॅनेल सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडली की १४४, कंट्रोलरची मर्यादा १५०, म्हणजे ठीक असे वाटते. पण ४८ हा आकडा २५ अंशांचा आहे. गारठ्यात व्होल्टेज चढतो, दर अंशाला साधारण ०.२७ टक्का. ५ अंशांच्या सकाळी सूर्य उगवताच तो १५२ वर जातो आणि कंट्रोलर बाद होतो. म्हणून दोन-दोन पॅनेल सिरीजमध्ये आणि अशा तीन ओळी समांतर जोडा. तीन ओळी झाल्या की प्रत्येक ओळीला स्वतंत्र १५ अँपिअरचा डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा) फ्यूज हवाच, कारण एका ओळीत शॉर्ट झाला तर उरलेल्या दोन ओळींचा प्रवाह उलटा तिच्यात घुसतो.

दुसरा बिघाड आगीचा. घरगुती एसी विजेचा (जिची दिशा सतत उलटसुलट बदलते) एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, डीसीवर वापरतात. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपोआप विझते. डीसीला शून्य नाही; संपर्क उघडला तरी ठिणगी पेटती राहते आणि डबी वितळते. डीसी व्होल्टेज छापलेलेच स्विच आणि फ्यूज घ्या. पॅनेलचे कनेक्टर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसतात, पण आतला संपर्क नीट होत नाही आणि सांधा तापत जातो. जोडी एकाच कंपनीची ठेवा. बॅटरीचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळा, आणि महिन्याभराने पुन्हा तपासा.

तिसरा, लसी. साठवणीचे तापमान २ ते ८ अंश. उष्णतेइतकीच गोठण्याचीही भीती असते. काही लसी एकदा गोठल्या की निकामी होतात. साध्या फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर पाच ते सात पट प्रवाह ओढतो आणि लहान इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो. शक्य असेल तर बॅटरीविना थेट पॅनेलवर चालणारा, आत बर्फाचा साठा असलेला लसींचा फ्रिज घ्या आणि त्याची पॅनेल निराळी ठेवा. मग केंद्रातली बॅटरी कोणी रात्री रिकामी केली तरी लसींना धक्का लागत नाही. ६ युनिटांत फ्रिज धरलेला असल्याने बाकीचा संच तेवढा लहान होईल.

शेवटचा बिघाड नियोजनातला. सौर संच आला की त्यावर फोन चार्जिंग, टीव्ही, पंखे चढत जातात आणि बॅटरी रोज तळाला जाते. आवश्यक आणि जादा भार यांच्या दोन वेगळ्या लाइन काढा. बॅटरी ४० टक्क्यांवर आली की जादा लाइन आपोआप तुटावी. पुढच्या बॅटरीचा पैसा पहिल्या महिन्यापासून वेगळा काढा. पॅनेल पुसणे, नोंद ठेवणे, फ्यूज बदलणे हे एका माणसाचे पगारी काम असू द्या. देणगीतून आलेले संच बंद पडतात ते बहुधा यापायी, तंत्रापायी नव्हे.

प्रश्न : समुद्राचे पाणी गोडे करून दुष्काळ संपवता येईल का?

पिण्याचा आणि घरगुती वापराचा, होय. समुद्राच्या पाण्यातले निम्मे गोडे करून काढायला निसर्गनियमाने किमान १.१ युनिट प्रति घनमीटर लागते. आजचे चांगले आरओ (पडद्यातून दाबाने पाणी गाळणारे) प्रकल्प ३ ते ४ युनिटांत करतात, म्हणजे अंतिम मर्यादेच्या तिपटीवर आपण पोचलो आहोत. लोब आणि सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात कामाचे मेंब्रेन (मीठ अडवणारा पडदा) बनवले तिथून हा प्रवास झाला. पाणी ५५ ते ७० बार दाबाने रेटावे लागते. पूर्वी उरलेल्या खाऱ्या पाण्याबरोबर तो दाब वाया जाई, आता प्रेशर एक्स्चेंजर तो जवळजवळ सगळा नव्या पाण्याला देतो. माणशी रोज १०० लिटर धरले तर ०.३५ युनिट पडते. एवढ्याशा विजेत माणसाची पाण्याची चिंता मिटते, ही आमच्या मते या शतकातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट आहे.

शेतीचे गणित वेगळे. एक किलो गव्हाला हजार ते दीड हजार लिटर पाणी लागते, म्हणजे निव्वळ पाण्यालाच ३.५ ते ५ युनिटे. भाजीपाला, फळे, रोपवाटिका यांना परवडेल, धान्याला नाही. शिवाय उंची विसरू नका : घनमीटर पाणी १०० मीटर चढवायला पंपाच्या तुटीसह ०.४ युनिट, हजार मीटरला ४. डोंगरावरच्या गावाला पाणी गोडे करण्याइतकाच खर्च ते वर नेण्याचा.

चालवणाऱ्यांसाठी एक सूचना. शेवाळ रोखायला आत येणाऱ्या पाण्यात क्लोरीन सोडतात, पण पॉलिअमाइडचे मेंब्रेन क्लोरीनने कायमचे खराब होते. मेंब्रेनच्या आधी सोडियम बायसल्फाइटचा डोस अखंड चालू आहे ना, हे मीटरवर पाहत राहा. डोसिंग पंप बंद पडला की मोठा पंपही थांबला पाहिजे, असा इंटरलॉक लावा. दुप्पट खारट झालेले पाणी किनाऱ्यालगत एका ठिकाणी न सोडता खोल, प्रवाही पाण्यात अनेक तोंडांनी पसरवून सोडावे.

प्रश्न : दुपारी वीज फुकट मिळते म्हणतात. मग तिच्यावर खत आणि धातू का बनवत नाहीत?

कारण यंत्र फुकट नसते. जर्मन रसायनतज्ज्ञ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया केला आणि बॉश यांनी १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला कारखाना उभा केला. आज मानवजातीच्या जवळजवळ निम्म्या अन्नाला त्यापासून बनणाऱ्या खताचा आधार आहे. विजेवर करायचा तर एका किलो हायड्रोजनला ५० ते ५५ युनिटे, एका टन अमोनियाला सुमारे १७८ किलो हायड्रोजन, म्हणजे टनाला ९ ते १० हजार युनिटे. पण इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारे यंत्र) दिवसात चारच तास चालवला तर उरलेले वीस तास त्याच्या भांडवलाचे व्याज चढत राहते. शिवाय अमोनियाचा रिअ‍ॅक्टर ४००-५०० अंशांवर सलग चालायला बनलेला असतो; रोज थंड-गरम केला की उत्प्रेरक आणि पोलाद दोन्ही थकतात. त्यामुळे मध्ये हायड्रोजनची टाकी लागते आणि वारा-ऊन जोडीने मिळेल अशी जागा.

अ‍ॅल्युमिनियमचा इतिहास मात्र उमेद देणारा आहे. १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर अ‍ॅल्युमिनियम बसवले गेले, कारण तेव्हा तो मौल्यवान धातू होता. दोनच वर्षांनी अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये हेरू यांनी, एकमेकांना न कळता, विजेने तो काढायची रीत शोधली. पुढे जलविद्युत स्वस्त झाली आणि तो रोजच्या भांड्याकुंड्यांचा झाला. आजही किलोला १३ ते १५ युनिटे लागतात, आणि काही तास वीज गेली तर भट्टीतला रस गोठून भट्टीच निकामी होते. उद्योगाला स्वस्त विजेइतकीच अखंड वीज लागते, हे इथे दिसते.

प्रश्न : ढगाळ, वारा नसलेला आठवडा आला तर बॅटरी पुरेल?

नाही, आणि का ते साध्या भागाकाराने कळते. २०१० मध्ये एका युनिटच्या लिथियम बॅटरी संचाला हजार डॉलरच्या वर पडत, २०२४ मध्ये सुमारे ११५. ती १५ वर्षे, वर्षाला ३०० वेळा वापरली तर साठवलेल्या दर युनिटला अडीच सेंट पडतात, आणि संध्याकाळची गरज भागते. तीच बॅटरी वर्षातून एकदाच येणाऱ्या वाईट आठवड्यासाठी राखली, तर १५ वर्षांत १५ फेऱ्या आणि युनिटला साडेसात डॉलर. म्हणून लांबच्या अंधारासाठी दुसरी साधने हवीत. उच्च दाबाच्या डीसी वाहिनीत हजार किलोमीटरला ३ टक्क्यांच्या आसपास तूट येते, त्यामुळे दूरचा वारा आणता येतो. धरणे आहेत, भूऔष्णिक वीज आहे, अणुवीज आहे.

अणुविजेबद्दल आमचे मत अनुकूल आहे. फ्रान्सने १९७४ मध्ये कार्यक्रम हाती घेतला आणि पंधरा-एक वर्षांत बहुतांश वीज त्यावर आणली, कारण मोजकेच आराखडे ठरवून तेच पुन्हा पुन्हा बांधले. संयुक्त अरब अमिरातीतल्या बराकाच्या चार अणुभट्ट्या २०२० ते २०२४ दरम्यान एकापाठोपाठ वीजजाळ्याला जोडल्या गेल्या, एकूण ५,६०० मेगावॉट. बांधकाम रखडते तिथे बहुधा आराखडा अपुरा असताना काम सुरू झालेले असते.

प्रश्न : आणि अणुसंमीलन?

अणुसंमीलन म्हणजे हलके अणू एकत्र जोडून ऊर्जा काढणे. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतल्या अशा प्रयोगात २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल बाहेर आले. पण तो लेसर पेटवायला ग्रिडमधून (वीजजाळ्यातून) सुमारे ३०० मेगाज्यूल घ्यावे लागले. विज्ञान म्हणून थोर. वीज म्हणून अजून लांब. संशोधनाला पैसा जरूर द्यावा, पण आजच्या नियोजनात ते धरू नये.

प्रश्न : एवढी ऊर्जा वापरली तर तिच्याच उष्णतेने पृथ्वी तापणार नाही का?

माणसाचा सगळा ऊर्जावापर सरासरी २० अब्ज किलोवॉट धरला आणि पृथ्वीच्या पृष्ठभागावर पसरला, तर चौरस मीटरला ०.०४ वॉट येतो. हवेत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे अडकणारी उष्णता २ वॉटच्या वर आहे, म्हणजे पन्नासपट. खरा प्रश्न धुराचा आहे. स्वस्त वीज झाल्यावर तो कार्बन हवेतून परत काढू असेही काही जण लिहितात. आजच्या यंत्रांना एका टनाला उष्णता आणि वीज मिळून २,००० युनिटांच्या वर लागतात. वर्षाला ३,७०० कोटी टन बाहेर पडतो. तो सगळा असा काढायचा तर जगाच्या आजच्या एकूण विजेच्या दुपटीहून जास्त ऊर्जा हवी. आधी जाळणे थांबवणे कितीतरी स्वस्त. काढण्याचे यंत्र सिमेंट, विमाने यांच्या उरल्यासुरल्या धुरासाठी ठेवावे.

प्रश्न : माझी मुलगी विद्युत अभियांत्रिकीला जाणार आहे. या कामात तिने काय शिकावे?

पॉवर इलेक्ट्रॉनिक्स (इन्व्हर्टरसारखी विजेचे रूप बदलणारी यंत्रे) आणि प्रोटेक्शन (बिघाड ओळखून लाइन तोडणे). जुन्या ग्रिडमध्ये टन-टन वजनाची जनित्रे फिरत असत. शॉर्ट सर्किट झाले की ती रेटेड (ठरलेल्या पूर्ण) प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओततात आणि रिले हे राखणदार उपकरण त्यावरून बिघाड ओळखून लाइन तोडतो. सौर आणि बॅटरीचे इन्व्हर्टर स्वतःला जपतात, सव्वा ते दीडपटीपुढे प्रवाह जाऊ देत नाहीत. त्यामुळे तार तुटून जमिनीवर पडली तरी जुन्या रिलेला तो साधा भार वाटू शकतो. ही अडचण सोडवणारे, आणि ग्रिड नसतानाही स्वतः व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारे इन्व्हर्टर बनवणारे अभियंते आज सगळीकडे कमी पडत आहेत. पहिल्या वर्षापासून ऑसिलोस्कोपवर (विजेची लहर पडद्यावर दाखवणारे यंत्र) हात बसवावा, आणि कंट्रोल थिअरी आणि फूरिए विश्लेषण परीक्षेपुरते करू नये. पुढे ते रोज लागते.